उजळ रंगाचा खर्च : पैसे देण्याआधी एवढे वाचा

तुळशीचे लग्न लागले की स्थळे बघण्याचा हंगाम सुरू होतो. त्याच सुमारास त्वचेच्या दवाखान्यात, पार्लरमध्ये आणि मेडिकलच्या काउंटरवर एकच प्रश्न घेऊन माणसे येऊ लागतात : रंग थोडा उजळेल का? मुलीबरोबर बहुधा आई असते, कधी मावशी. हल्ली मुलगेही विचारतात. अडचण अशी की ज्याला विचारायचे, तोच बहुतेक वेळा काहीतरी विकायला बसलेला असतो. कशाला किती पैसे पडतात, त्यातून काय मिळते आणि कुठे पैशांबरोबर प्रकृतीही जाते, हे कोणी शांतपणे सांगत नाही. पुढे दिलेले दर महाराष्ट्रातल्या शहरांतले ढोबळ दर आहेत. तालुक्याच्या गावी ते कमी असतील, मुंबई-पुण्याच्या महागड्या भागांत जास्त.

सुरुवातीलाच एक सांगते. सावळेपणा हा आजार नाही, म्हणून त्याला औषधही नाही. वांग, मुरमांचे डाग, उन्हाने आलेला काळपटपणा, मानेवरचा काळा पट्टा यांना मात्र कारणे आहेत आणि उपचारही आहेत. या दोन गोष्टींची गल्लत करून देण्यावरच सगळा बाजार चालतो. त्यामुळे पैसे काढण्याआधी हे ठरवा की तक्रार नेमकी कोणाची आहे. तुमच्या त्वचेची, की तुमच्याकडे बघून बोलणाऱ्या कोणाची? पहिलीवर खर्च करता येतो. दुसरीवर कितीही खर्च केला तरी तो पुरत नाही, कारण बोलणारा माणूस उद्या उंचीकडे वळतो, परवा वजनाकडे.

घरी फुकट करता येईल अशी एक परीक्षा आहे. दंडाच्या आतल्या बाजूची, काखेजवळची त्वचा बघा. तिथे ऊन लागत नाही, म्हणून तो तुमचा मूळ रंग. चेहरा त्यापेक्षा काळवंडलेला असेल, तर तेवढा फरक उपचारांनी कमी होऊ शकतो. त्याच्या पलीकडे नेऊन दाखवतो म्हणणारा खोटे बोलतो आहे, किंवा तुमच्या चेहऱ्याला इजा करणारे काहीतरी वापरतो आहे. रंग ठरतो तो मेलॅनिन या द्रव्यावर. ते तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येने असतात. त्या किती आणि कसे मेलॅनिन बनवतात एवढाच फरक, आणि तो जन्मजात असतो. उन्हाच्या देशात हे द्रव्य त्वचेचे संरक्षण करते.

मेडिकलमधली शंभर-दोनशे रुपयांची ट्यूब

सगळ्यात स्वस्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी वस्तू हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एखादे स्टिरॉइड यांचे मिश्रण असलेली मलमे आपल्याकडे सर्रास 'गोरे होण्याचे क्रीम' म्हणून खपतात. किंमत शंभर ते अडीचशे रुपये. मुळात हे वांगावरचे औषध आहे. त्वचारोगतज्ज्ञ ते मोजक्या आठवड्यांसाठी, रात्री, फक्त डागावर लावायला देतात. पण मैत्रिणीला गुण आला, शेजारच्या वहिनींनी सांगितले, दुकानदाराने स्वतःहून पुढे केले, अशा वाटेने ते सगळ्या चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लागते. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा खरोखर उजळ आणि तुकतुकीत दिसतो. फसगत होते ती इथेच.

पुढे त्वचा पातळ होते, गालांवर लाल बारीक शिरा दिसू लागतात, मुरमे उठतात, ओठांच्या वर आणि हनुवटीवर लव वाढते. उन्हात पाऊल टाकले की चेहरा भाजल्यासारखा होतो. घाबरून क्रीम बंद केले तर आग, लाली आणि पुरळ दुप्पट वाढते, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना, आयएडीव्हीएल, या गैरवापराविरुद्ध कित्येक वर्षे मोहीम चालवत आहे. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमे 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. दुकानात काय चालते हे तुम्ही-आम्ही बघतोच.

ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचायला शिका. बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन, क्लोबेटासॉल यांपैकी एक जरी नाव दिसले तरी ते स्टिरॉइड आहे. त्यातले क्लोबेटासॉल तर अत्यंत तीव्र, चेहऱ्यावर लावायचे नव्हेच. वेष्टनावर लाल उभी पट्टी आणि चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना असेल, तर ते सौंदर्यप्रसाधन नसून औषध आहे, एवढे लक्षात ठेवा.

आता हिशेब करू. दीडशेची ट्यूब महिन्याला एक धरली तर वर्षाचे अठराशे रुपये. बिघडलेला चेहरा सावरायला सहा महिने ते वर्षभर लागू शकते. दर महिन्याला तज्ज्ञांची फी सातशे आणि औषधे, सौम्य फेसवॉश, सनस्क्रीन मिळून हजार-बाराशे धरले, तर सहा महिन्यांतच दहा-अकरा हजार होतात. तुम्ही आत्ता असे क्रीम वापरत असाल तर ते मनानेच एकदम थांबवू नका आणि स्वतःला दोषही देऊ नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, किती महिने लावले ते खरे सांगा. हळूहळू ते सोडवता येते.

बिननावाची डबी

पार्लरमधून, ओळखीच्या बाईकडून किंवा ऑनलाइन मिळणारी एक डबी असते. कधी परदेशी लिपीतली, कधी लेबल नसलेली. किंमत दोनशेपासून दोन हजारांपर्यंत. यातल्या काही डब्यांत पारा सापडतो. पारा मेलॅनिन तयार होणे रोखतो, म्हणून रंग झपाट्याने उतरतो, पण तो त्वचेतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात असे क्रीम वापरणाऱ्या रुग्णांना मूत्रपिंडाचा एक विशिष्ट आजार झाल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. त्याच वर्षी आपल्या अकोल्यातल्या एकाच घरातील तिघींच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याची बातमी आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्या क्रीमची तपासणी झाली तेव्हा पारा निघाला. एकीने आणलेली डबी घरातल्या सगळ्यांनी वापरली होती.

म्हणून नियम सोपा ठेवा. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी नसेल तर ती वस्तू घरात आणू नका. आयात केलेल्या प्रसाधनावर आयात नोंदणीचा क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता असावाच लागतो. घटकांत 'मर्क्युरी', 'मर्क्युरस क्लोराइड' किंवा 'कॅलोमेल' दिसले तर प्रश्नच मिटला, पण बहुधा ते लिहिलेलेच नसते. असे काही वापरून झाले असेल आणि पायावर किंवा डोळ्यांखाली सूज, लघवीला फेस असे काही जाणवत असेल, तर त्याच आठवड्यात लघवीची साधी तपासणी करा. दीडशे-दोनशे रुपयांत होते. क्रीमची डबी डॉक्टरांना दाखवा. सुदैवाने वेळेवर थांबले तर बरेच रुग्ण सावरतात.

मान घासू नका, साखर तपासा

मानेभोवती, काखेत, कोपरांवर मखमलीसारखी जाड काळी कातडी दिसू लागली की घरातल्या बायका लिंबू, बेसन, खायचा सोडा, दगड असे सगळे घेऊन मुलीच्या मागे लागतात. 'मळ साठलाय' असे चारचौघांत ऐकवतात. पार्लरमध्ये मानेच्या ब्लीचचे दोनशे-तीनशे रुपये घेतात. तो मळ नसतो. बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते. पुढे मधुमेह होऊ शकतो, मुलींमध्ये पीसीओएस असू शकतो.

इथे पैसे योग्य जागी घालता येतात. उपाशीपोटी साखर शंभर-दीडशे रुपये, एचबीए१सी तीनशे ते सहाशे, थायरॉइडची टीएसएच दोनशे ते चारशे. हजार-बाराशेत चित्र स्पष्ट होते. वजन थोडे उतरले, चालणे सुरू झाले, साखर ताब्यात आली, की मानेचा रंगही सावकाश निवळतो. दिसण्याच्या खर्चातला हा एकच असा आहे, जो मी प्रत्येकाला न कचरता करायला सांगेन.

क्लिनिकचे पॅकेज

केमिकल पील एका बैठकीला दीड ते चार हजार, बैठका चार ते सहा. लेझर टोनिंग तीन ते सात हजार, बैठका सहा-आठ. म्हणजे पन्नास हजारांच्या आसपासचे पॅकेज सहज होते. डाग आणि उन्हाचा काळपटपणा यांवर या दोन्हींचा उपयोग होतो, पण हात तज्ज्ञाचा असेल तर. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर लेझरची मात्रा चुकली तर भाजते, अधिक काळे डाग पडतात किंवा कायमचे पांढरे ठिपके उमटतात. शिवाय उन्हात वावर चालूच राहिला, तर उतरलेला काळपटपणा परत येतो. लग्न पंधरा दिवसांवर आले असताना पहिले पील किंवा पहिले लेझर करू नका. काही बिघडले तर सावरायला तीन महिने हाताशी हवेत.

ग्लुटाथायोनची सलाइन किंवा इंजेक्शने यांना मात्र स्पष्ट नाही म्हणा. एका वेळचे चार ते दहा हजार, आठवड्याला एक, अशी आठ-दहा, म्हणजे बत्तीस हजारांपासून लाखापर्यंत. त्वचा गोरी करण्यासाठी या इंजेक्शनला आपल्या औषध नियंत्रकांची मान्यता नाही. अमेरिकेतही या कारणासाठी कोणत्याही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही, आणि जिथे याचा फार सुळसुळाट झाला त्या फिलिपीन्सच्या औषध प्रशासनाने लोकांना सावध केले आहे. काही फरक दिसलाच तर तो इंजेक्शने बंद होताच ओसरतो. ॲलर्जीचा तीव्र झटका येऊ शकतो, यकृत-मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. कोणत्या तरी लग्नाच्या फोटोंसाठी शिरेत हे घालून घ्यावे, असे त्यात काही नाही.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारायला लाजू नका. उपचार कोण करणार? पाटीवर 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' लिहिले म्हणजे तो त्वचारोगतज्ज्ञ असतोच असे नाही. नावापुढे एमडी, डीडीव्हीएल किंवा डीएनबी अशी त्वचारोगातली पदवी शोधा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागून त्यांच्या संकेतस्थळावर ताडून घ्या. दुसरे, यंत्र चालवणारा माणूस डॉक्टर आहे की नुकतीच लागलेली सहायक? तिसरे, जीएसटी धरून एकूण किती? चौथे, मध्येच थांबवले तर उरलेल्या बैठकांचे पैसे परत मिळतील का, आणि ते लेखी कुठे आहे? 'आजच भरले तर चाळीस टक्के सूट' असे म्हणणाऱ्या ठिकाणाहून त्या दिवशी उठून या. एक बैठक रोखीने करून, दीड महिना थांबून, मग पुढचे ठरवले तर कोणाचे काही अडत नाही.

हप्त्यांचे प्रकरण वेगळे समजून घ्या. काउंटरवरची मुलगी मोबाइलवर दोन ओटीपी विचारते आणि तुमच्या नावावर वित्त कंपनीचे कर्ज उभे राहते. क्लिनिक बंद पडले तरी हप्ता थांबत नाही. डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 'कूलिंग ऑफ'ची मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून, दंडाविना बाहेर पडता येते. कराराबरोबर येणाऱ्या मुख्य माहितीपत्रकात ती मुदत लिहिलेली असते, आधी ती ओळ शोधा. आणि आरोग्य विम्याच्या भरवशावर राहू नका. अपघात, भाजणे, कर्करोग अशा कारणांनी करावी लागणारी सोडली, तर शोभेसाठीची शस्त्रक्रिया पॉलिसीत वगळलेलीच असते.

पुरुषांच्या टकलाचेही हेच. केशरोपणाचा दर ग्राफ्टमागे साधारण पंचवीस ते ऐंशी रुपये, दोन हजार ग्राफ्ट म्हणजे पन्नास हजार ते एक लाख साठ हजार, वर १८ टक्के जीएसटी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये याबाबत सूचना काढल्या. शस्त्रक्रिया प्रशिक्षित डॉक्टरांनीच करायची, तंत्रज्ञांनी नव्हे. भूल दिली जाते, क्वचित प्राणही गेले आहेत, म्हणून तातडीच्या उपचारांची सोय पाहिल्याशिवाय खुर्चीत बसू नका.

पार्लरबद्दल थोडक्यात. क्लीनअप तीनशे ते आठशे, फेशियल सहाशे ते अडीच हजार, लग्नाआधीचे पॅकेज पाच ते वीस हजार, नवरीचा मेकअप शहरात दहा ते पन्नास हजार. स्वच्छता, मालिश, विसावा यासाठी हवे तर जरूर घ्या, तो आनंदही खरा आहे. रंग बदलेल या आशेने घेऊ नका. सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलात जुना दर लावलेला नाही ना, ते बघा. आणि मेकअप करणाऱ्या ताईंना आधीच सांगा की रंग माझाच ठेवा. दोन छटा गोरा फाउंडेशन लावला की मान आणि हात वेगळे दिसतात, फोटोत चेहरा राखाडी येतो.

मग चांगले काय, आणि किती पैशांत

सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा जास्त, वेष्टनावर पीए+++ असलेले. पन्नास ग्रॅमची ट्यूब साडेतीनशे ते सहाशे. पण प्रमाण नीट धरा. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर उभी रेघ ओढावी एवढे, म्हणजे सुमारे एक ग्रॅम लागते. दिवसातून दोनदा लावले तर ट्यूब पंचवीस दिवसांत संपते आणि वर्षाचे पाच ते नऊ हजार होतात. घरात-कार्यालयात बसणाऱ्यांना सकाळी एकदा पुरते, खर्च निम्मा. शेतात, बांधकामावर, दुचाकीवर दिवस काढणाऱ्यांना हा खर्च झेपणारा नाही. त्यांनी रुंद काठाची टोपी, छत्री, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, ओढणी वापरावी. हा उपाय सनस्क्रीनपेक्षा कमी प्रतीचा मुळीच नाही. वांग असेल तर रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेले सनस्क्रीन घ्या, कारण वांग नुसत्या उजेडानेही गडद होतो.

खासगी त्वचारोगतज्ज्ञांची फी पाचशे ते दीड हजार. ससून, केईएम, शीव, जे. जे., छत्रपती संभाजीनगरचे घाटी, नागपूरचे मेडिकल इथे त्वचाविभागाची ओपीडी आहे आणि केसपेपरला नाममात्र पैसे पडतात. रांग लांब, पण तिथला डॉक्टर तुम्हाला पॅकेज विकत नाही.

घरातला खर्च

बायोडेटात अजूनही 'वर्ण' असा रकाना असतो आणि सावळ्या मुलीच्या समोर हमखास 'गव्हाळ' लिहितात. २०२० मध्ये एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने रंगावरून स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली, त्याच वर्षी १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. जाहिरात क्षेत्राच्या नियामक परिषदेने तर २०१४ मध्येच सांगितले होते की सावळी माणसे दुःखी, अनाकर्षक किंवा मागे पडलेली दाखवू नयेत. बाहेर एवढे झाले असताना घरातला रकाना आपण स्वतः काढू शकतो. बायोडेटात वर्ण लिहू नका. फोटो स्टुडिओला रंग उजळवू नका असे स्पष्ट सांगा. रिटचिंगचे दोन-तीनशे वाचतात आणि भेटीच्या दिवशी समोरच्या माणसांना वेगळीच मुलगी दिसत नाही. आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलीच्या रंगावर काढलेले पन्नास हजार तिला 'तू जशी आहेस तशी चालणार नाहीस' असे सांगतात, आणि ते ती जन्मभर विसरत नाही. त्या पैशांत एखादा अभ्यासक्रम, वाहन परवाना किंवा तिच्या नावाची ठेव होते.

लग्नानंतरच्या टोमण्यांबाबत कायदा काय म्हणतो, हेही माहीत असू द्या. सातारा जिल्ह्यातल्या १९९८ च्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये पतीला निर्दोष सोडले. काळ्या रंगावरून बोलणे हे कलम ४९८अ खाली गुन्हा ठरण्याइतके क्रौर्य नाही, असे न्यायालयाने म्हटले. वाचून वाईट वाटते, पण दारे सगळी बंद नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान, हेटाळणी, नावे ठेवणे यांचा शाब्दिक आणि भावनिक छळात समावेश आहे. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते, १८१ या महिला हेल्पलाइनवर विचारता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

फसवणूक झाली तर

बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणून बिल मागाच. सदोष सेवेचे पैसे बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत न करणे हीसुद्धा तशीच प्रथा. आधी लेखी तक्रार दुकानदाराला किंवा क्लिनिकला द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात अर्ज करता येतो, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येतो. चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड विकणारे दुकान किंवा बिनलेबलचे क्रीम असेल तर अन्न व औषध प्रशासनाला १८००-२२२-३६५ वर कळवा.

रक्कम लहान म्हणून गप्प बसू नका. दिल्लीतल्या एका तरुणाने २०१३ मध्ये ७९ रुपयांचे पुरुषांसाठीचे गोरेपणाचे क्रीम घेतले, रंग उजळला नाही म्हणून तक्रार केली आणि चिकाटी सोडली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या जिल्हा आयोगाने कंपनीला साडेचौदा लाख रुपये ग्राहक कल्याण निधीत भरायला आणि तक्रारदाराला वेगळी भरपाई द्यायला सांगितले. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. तोवर ट्यूब किंवा डबी, तिचे खोके, पावती, डॉक्टरांची चिठ्ठी, जाहिरातीचा फोटो आणि उपचारांच्या आधीचे-नंतरचे स्वतःचे फोटो तारखांसह एका पाकिटात जपून ठेवा.